‘नो सिग्नल’ म्हणजे नेमके काय? टीव्हीला जोडलेल्या संगणकाचे चित्र का हरवते

दिवाणखान्यातल्या टीव्हीखाली एक छोटा संगणक ठेवायचा, त्यात घरातले फोटो, जुन्या चित्रफिती, गाणी आणि सिनेमे साठवायचे आणि सगळ्यांनी मिळून ते मोठ्या पडद्यावर पाहायचे, अशी सोय आता पुष्कळ घरांत दिसते. कुणी त्यासाठी जुना डेस्कटॉप वापरतो, कुणी तळहाताएवढा मिनी पीसी घेतो, तर कुणी रास्पबेरी पायसारख्या लहान बोर्डावर भागवतो. आवाजाची आवड असलेल्या घरात संगणक आणि टीव्ही यांच्यामध्ये एव्ही रिसीव्हर असतो. म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा आणि चित्र पुढे टीव्हीकडे धाडणारा अ‍ॅम्प्लिफायर. ही मांडणी महिनोन्‌महिने सुरळीत चालते आणि एके दिवशी वीज जाऊन येते. संगणकाचा दिवा लागलेला असतो, आतल्या पंख्याची घरघर ऐकू येत असते, पण टीव्हीच्या काळ्या पडद्यावर दोनच शब्द असतात : नो सिग्नल.

आमच्या घरी हे पहिल्यांदा घडले तेव्हा सगळे करतात तेच मीही केले. केबल काढली, पुन्हा लावली आणि चित्र आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच झाले. मग नवी केबल आणली आणि वीज जाऊन आल्यावर तिनेही तोच अनुभव दिला. केबल काढून लावल्यावर चित्र येते, म्हणजे केबलच सैल किंवा खराब असणार, हा निष्कर्ष इतका स्वाभाविक आहे की त्याबद्दल शंका घ्यावी असे वाटतच नाही. प्रत्यक्षात केबल काढून लावण्याने आणखी एक गोष्ट घडते : दोन यंत्रांमधले अर्धवट राहिलेले बोलणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ते बोलणे समजून घेतले, तर नवी केबल विकत घेण्याआधीच दोष कुठे आहे हे बऱ्याच अंशी कळू शकते.

एकाच केबलमध्ये दोन वेगळी कामे

जुन्या टीव्हीला लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन तारा जोडाव्या लागत. पिवळ्या तारेतून चित्र जाई, आणि पलीकडे काय जोडले आहे याच्याशी पाठवणाऱ्या यंत्राला काही देणेघेणे नसे. एचडीएमआय ही आजची केबल तशी नाही. सोनी, फिलिप्स, तोशिबा यांच्यासह सात कंपन्यांनी मिळून ठरवलेले हे मानक २००२ च्या डिसेंबरमध्ये आले. या केबलच्या टोकाला १९ पिना असतात. त्यांतल्या पहिल्या १२ पिना चित्र आणि आवाज वाहून नेणाऱ्या तारांसाठी आहेत. उरलेल्या ७ पिनांवरून चित्राचा एक ठिपकाही जात नाही. त्यांतल्या बहुतेक पिना दोन यंत्रांनी एकमेकांना ओळखावे, विचारावे आणि कळवावे यासाठी राखून ठेवलेल्या आहेत.

केबल जोडल्यावर काय घडते ते क्रमाने पाहू. संगणक १८ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्टचा दाब देतो. हे दारावरची बेल दाबण्यासारखे आहे. पलीकडे टीव्ही तयार असेल तर तो १९ क्रमांकाच्या पिनेवर दाब देऊन ‘आहे, विचारा’ असे कळवतो. या उत्तराला हॉट प्लग म्हणतात. उत्तर मिळाल्यावर संगणक १५ आणि १६ या दोन पिनांवरून टीव्हीची माहिती वाचतो, त्या माहितीवरून कोणत्या आकाराचे चित्र पाठवायचे हे ठरवतो, आणि मग कुठे त्या १२ पिनांवरून चित्र वाहू लागते. म्हणजेच बेल, उत्तर आणि माहिती यांपैकी एक पायरी जरी चुकली, तरी चित्राच्या तारा पूर्णपणे शाबूत असूनही पडदा काळाच राहू शकतो.

मापाची चिठ्ठी

टीव्हीकडून वाचल्या जाणाऱ्या या माहितीला ईडीआयडी म्हणतात. शिंप्याकडे कापड टाकताना मापे लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी, तशी ही चिठ्ठी आहे. टीव्ही कोणत्या कंपनीचा, केव्हा बनवलेला, त्याच्या पडद्यावर आडवे आणि उभे किती ठिपके आहेत, तो एका सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, आवाजाचे कोणते प्रकार त्याला समजतात, हे सगळे तिच्यात असते. संगणक हा इथे शिंपी : माप हातात आले की त्याप्रमाणे चित्र बेततो.

ही चिठ्ठी किती लहान असते हे कळले की तिचा नाजूकपणा लक्षात येतो. ती १२८ बाइटच्या तुकड्यांत लिहिलेली असते आणि टीव्हीसाठी बहुधा असे दोन तुकडे, म्हणजे २५६ बाइट लागतात. संगणकात देवनागरीचे एक चिन्ह साठवायला साधारणपणे ३ बाइट लागतात. तेव्हा टीव्हीची सगळी ओळख मराठीतल्या सुमारे ८५ चिन्हांच्या जागेत बसते. प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या बाइटमध्ये बेरजेचा ताळा असतो. तो जुळला नाही, तर वाचताना चूक झाली असे संगणकाला कळते आणि तो चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही.

चिठ्ठी मिळाली नाही तर काय होते, याचे उत्तर यंत्रागणिक वेगळे आहे. काही संगणक चित्र पाठवतच नाहीत. काही ६४० गुणिले ४८० किंवा १०२४ गुणिले ७६८ अशा, जवळपास कुठल्याही पडद्यावर चालेल अशा, जुन्या आणि लहान मापाचे चित्र पाठवतात. मग मोठ्या टीव्हीवर अक्षरे फुगलेली आणि धुरकट दिसतात. विंडोजमध्ये प्रगत डिस्प्ले सेटिंग उघडले असता तिथे टीव्हीचे नाव दिसायला हवे. त्याऐवजी ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे दिसले, तर समोर कोण आहे हे संगणकाला कळलेलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. केबलवर पैसे घालण्यापूर्वी ही एक ओळ पाहून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण तिला एक मिनिटही लागत नाही.

इथे एक भेदही ध्यानात ठेवावा. टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतो तेव्हा त्याच्यापर्यंत काहीच पोहोचलेले नसते. तो ‘हे स्वरूप चालत नाही’ अशा अर्थाचा संदेश दाखवतो तेव्हा चित्र पोहोचलेले असते, पण ते त्याच्या मापाचे नसते. लोक दुरुस्तीच्या दुकानात दोन्ही गोष्टी ‘टीव्ही लागत नाही’ अशाच सांगतात आणि दुकानदाराला चाचपडावे लागते.

चित्र नेमके केव्हा हरवते?

दोष शोधताना ‘कुठे’ या प्रश्नाआधी ‘केव्हा’ हा प्रश्न विचारावा. संगणक सुरू करून टीव्हीकडे पाहत राहावे. सुरुवातीचे कंपनीचे बोधचिन्ह दिसले आणि विंडोज सुरू होण्याच्या सुमारास पडदा काळा झाला, तर केबल, पोर्ट आणि टीव्ही यांच्यात तुटलेले काही नाही. विंडोजने चुकीचे माप निवडले आहे किंवा चित्राचा ड्रायव्हर, म्हणजे चित्राचे काम पाहणारी आज्ञावली, अडखळली आहे. याउलट बोधचिन्ह दिसले नाही पण मिनिटाभराने विंडोज नीट दिसू लागले, तर संगणकाने पहिली बेल वाजवली तेव्हा टीव्ही जागा झालेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही वेळा काहीच दिसले नाही, तर कीबोर्डवरील नम लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत आणि विझत असेल तर संगणक जिवंत आहे आणि फक्त चित्राची वाट अडली आहे. तो दिवा हलत नसेल तर टीव्हीमागे हात घालण्याआधी संगणकाकडेच वळावे.

संगणक जिवंत असेल तर न दिसताही दोन गोष्टी करता येतात. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या की ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि पुष्कळदा चित्र परत येते. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबल्यास चित्र कोणत्या पडद्यावर पाठवायचे याची यादी उघडते. पूर्वी जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरवरच चित्र जात असेल तर ती उपयोगी पडते. यांपैकी काही लागू पडले, तर केबल उपसण्याची गरजच उरत नाही.

मधला मध्यस्थ

संगणक थेट टीव्हीला जोडलेला असेल तर संवाद दोघांतच होतो. मध्ये रिसीव्हर आला की मापाची चिठ्ठी आधी त्याच्या हातात पडते, आणि तो ती जशीच्या तशी पुढे देत नाही. चित्राचे माप तो टीव्हीच्या चिठ्ठीतून घेतो, आवाजाच्या रकान्यात स्वतःच्या स्पीकरना चालणारे प्रकार भरतो आणि अशी नव्याने लिहिलेली चिठ्ठी संगणकाला देतो. रिसीव्हरला टीव्ही आणि प्रोजेक्टर असे दोन पडदे जोडलेले असतील तर दोघांनाही चालेल असे, म्हणजे सहसा दोहोंतले लहान, माप तो पुढे करतो. घरात ४के टीव्ही, म्हणजे आडवे सुमारे चार हजार ठिपके असलेला टीव्ही, असूनही संगणक १९२० गुणिले १०८० च्या वर जायला तयार नसेल, तर ही शक्यता आवर्जून तपासावी.

खरा गोंधळ वेळेचा असतो. टीव्ही बंद असताना त्याची चिठ्ठी वाचता येईल की नाही, हे टीव्हीवर अवलंबून असते. संगणकाने दिलेल्या ५ व्होल्टवर ती बंद टीव्हीतूनही वाचता यावी अशी सोय मानकात आहे, पण अनेक टीव्ही बंद झाल्यावर हॉट प्लगचे उत्तरच देत नाहीत. मग रिसीव्हर कधी स्वतःजवळची ठरावीक चिठ्ठी देतो, कधी मागच्या वेळची, तर कधी काहीच देत नाही. नंतर टीव्ही सुरू झाला की रिसीव्हरने हॉट प्लगचे उत्तर निदान १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, बंद करून पुन्हा द्यावे, आणि त्यावरून संगणकाने ‘चिठ्ठी बदलली, पुन्हा वाचू’ असे समजावे, अशी रीत आहे. दोघांपैकी एकाने ही रीत नीट पाळली नाही की संगणक जुन्याच किंवा अपुऱ्या मापावर अडून बसतो.

आमच्या घरचे कोडे इथेच सुटले. वीज परत आली की आपोआप सुरू व्हावे, अशी सूचना संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगमध्ये, दिलेली होती. टीव्ही आणि रिसीव्हर मात्र वीज आल्यावर निजलेलेच राहत. संगणक बेल वाजवी, उत्तर मिळत नसे, आणि तासाभराने आम्ही टीव्ही लावेपर्यंत त्याने नाद सोडलेला असे. रिसीव्हर बाजूला काढून संगणक दोन आठवडे थेट टीव्हीला जोडून पाहिला, तेव्हा वीज जाऊन आली तरी चित्र एकदाही हरवले नाही, आणि दोष तारेत नाही याची खात्री पटली. मग आपोआप सुरू होण्याची सूचना काढून टाकली आणि आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी संगणक असा क्रम ठेवला. जुनी केबल पुन्हा लावली आहे, आणि ती व्यवस्थित चालते.

दर वेळी क्रम पाळायचा कुणी?

हा आक्षेप योग्यच आहे. घरात लहान मुले असतात, वडीलधारी माणसे असतात, आणि टीव्ही लावण्यासाठी कुणाला पायऱ्या पाठ करायला लावणे बरे नव्हे. यावर दोन कायमचे उपाय आहेत.

पहिला, मध्यस्थ वाटेतून काढण्याचा. संगणक थेट टीव्हीला जोडावा आणि आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे उलट्या वाटेने न्यावा. टीव्हीच्या एखाद्या एचडीएमआय पोर्टशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असे लिहिलेले असते, ते यासाठीच. त्यांतल्या जुन्या एआरसीमधून दोन स्पीकरचा साधा आवाज किंवा आवळलेला, म्हणजे कमी जागेत बसवलेला, सराउंड आवाज जातो. नव्या ईएआरसीमधून न आवळलेला, अनेक स्पीकरचा आवाजही जाऊ शकतो. टीव्ही आणि रिसीव्हर या दोन्हींवर ईएआरसी असेल तर मी हीच मांडणी सुचवेन.

दुसरा उपाय चिठ्ठीची नक्कल करून ती संगणकाच्या दाराशीच ठेवण्याचा. ईडीआयडी एम्युलेटर नावाचा अंगठ्याएवढा जोड संगणकाचे पोर्ट आणि केबल यांच्यामध्ये बसवला की, टीव्ही बंद असो वा चालू, संगणकाला माप मिळत राहते. घेताना आपल्या टीव्हीचे माप त्यात साठवता येते ना, हे पाहावे. नाहीतर तो स्वतःचेच ठरावीक माप सांगत बसतो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात हेच काम पैसे न खर्चता होते : टीव्हीची चिठ्ठी एकदा फाइलमध्ये उतरवून घ्यायची आणि सुरू होताना तीच वापरण्याची सूचना प्रणालीला द्यायची. रास्पबेरी पायलाही टीव्ही जोडलेला आहे असे सक्तीने समजायला लावता येते. त्याच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर दोन छोटी एचडीएमआय पोर्ट असतात. एकच टीव्ही जोडायचा असेल तर वीज देण्याच्या पोर्टाजवळचे वापरावे.

‘पण केबलच खराब असेल तर?’

असू शकते, आणि तिची लक्षणे वेगळी असतात. संवाद फसला की चित्र मुळातच येत नाही किंवा चुकीच्या मापात येते. चित्राच्या तारा कमकुवत असल्या की चित्र येते, पण त्यावर पांढरे ठिपके चमकतात, मधूनच एक-दोन सेकंद पडदा काळा होतो आणि पुन्हा उजळतो. केबलला हात लागला की हे वाढते.

केबलवर किती भार पडतो हे आकड्यांत पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. १९२० गुणिले १०८० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला तारांमधून सेकंदाला सुमारे ४.४६ अब्ज बिट जावे लागतात. ४के चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायला ८.९१ अब्ज, आणि तेच पूर्ण रंगांसह ६० वेळा पाठवायला १७.८२ अब्ज बिट लागतात. म्हणजे जुन्या टीव्हीवर दहा वर्षे बिनतक्रार चाललेली केबल नवा ४के टीव्ही आल्यावर चौपट भाराखाली येते. ती बिघडलेली नसते. हे ओझे तिच्यासाठी नव्हतेच. यावरून एक सोपी चाचणी निघते. संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र बदलण्याची संख्या, ६० वरून ३० वर आणावी. ठिपके थांबले आणि चित्र स्थिर झाले तर केबल बदलावी. काहीच फरक पडला नाही तर कारण दुसरीकडे शोधावे.

केबल बदलताना किमतीपेक्षा वर्ग पाहावा. सेकंदाला १८ अब्ज बिटसाठी तपासलेल्या केबलवर ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ अब्जांसाठी तपासलेल्या केबलवर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणपत्राचे लेबल असते, आणि ते फोनने स्कॅन करून खरे आहे का ते पाहता येते. खोक्यावर नुसता ‘२.१’ असा एचडीएमआयच्या आवृत्तीचा आकडा छापला म्हणून केबल तपासलेली ठरत नाही. आणि एकदा सगळे बिट सुखरूप पोहोचले की दुप्पट किमतीच्या केबलने चित्राचा रंग अधिक खुलत नाही.

प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटरची केबल फॉल्स सीलिंगमधून किंवा भिंतीतून नेलेली असते तिथे ही अडचण हटकून येते. इतक्या अंतरावर तांब्याच्या साध्या केबलऐवजी प्रकाशावर चालणारी, म्हणजे ऑप्टिकल एचडीएमआय केबल बरी. तिला दिशा असते : एक टोक संगणकाकडे आणि दुसरे पडद्याकडे असे ठरलेले असते. ती उलटी बसवली तर काहीच दिसत नाही, आणि भिंत बुजवल्यावर ही चूक लक्षात येणे फार महागात पडते. घराचे काम चालू असेल तर भिंतीत केबल गाडू नये. रुंद पाइप घालून ठेवावा, म्हणजे पुढे केबल बदलता येईल.

केबल चांगली असूनही ४के चित्र ६० वर जात नसेल तर टीव्हीचे सेटिंग पाहावे. पुष्कळ टीव्हींची पोर्ट जुन्या उपकरणांशी जुळावीत म्हणून कमी भारावर ठेवलेली असतात आणि पूर्ण भार प्रत्येक पोर्टासाठी वेगळा चालू करावा लागतो. एलजीच्या टीव्हीत त्याला ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ आणि सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ अशी नावे आहेत.

चुकीचे पोर्ट

असेम्बल केलेल्या डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डावरच्या पोर्टात लावावी. मदरबोर्डवरचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डावरचे, पोर्ट अशा वेळी अनेकदा निष्क्रिय असते. ज्या इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ आहे त्यात चित्राचा भागच नसतो, त्यामुळे मदरबोर्डवर पोर्ट दिसत असले तरी त्यातून चित्र कधीच येणार नाही. मिनी पीसीवर डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्रासाठीचे दुसऱ्या प्रकारचे पोर्ट, असेल तर त्यातून एचडीएमआयकडे नेणारी साधी केबल चालते, पण तीच उलट दिशेने चालत नाही. यूएसबी-सीच्या प्रत्येक पोर्टातून चित्र निघतेच असेही नाही.

‘बाकी सगळे दिसते, फक्त सिनेमाच काळा दिसतो’

हा प्रकार ‘नो सिग्नल’हून पूर्ण वेगळा आहे. विकतच्या चित्रपटाची वाटेत नक्कल होऊ नये म्हणून चित्र कुलूपबंद करून पाठवण्याची एक पद्धत आहे. तिला एचडीसीपी म्हणतात आणि ती इंटेलने विकसित केली. चित्रपट सुरू होण्याआधी संगणक त्याच दोन पिनांवरून, म्हणजे १५ आणि १६ वरून, पुढच्या यंत्राची ओळख तपासतो. वाटेत रिसीव्हर असेल तर त्याचीही तपासतो. साखळीतल्या एकाची जरी ओळख पटली नाही तर चित्रपट काळा दिसतो, चूक दाखवतो किंवा कमी दर्जात चालतो. घरचे फोटो आणि डेस्कटॉप मात्र नीट दिसत राहतात. ४के चित्रपटांसाठी सहसा या पद्धतीची २.२ ही आवृत्ती साखळीतल्या प्रत्येक यंत्रात असावी लागते, आणि जुना रिसीव्हर किंवा एकच चित्र दोन पडद्यांना वाटणारा स्वस्त स्प्लिटर इथे आडवा येतो.

‘मी महिन्याचे पैसे भरतो, मग अडवणूक माझीच का?’ असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. हा पहारा नक्कल करणाऱ्यासाठी ठेवलेला आहे, पण त्याचा जाच पैसे भरून पाहणाऱ्या कुटुंबाला होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तूर्त त्यावर उपाय एकच : संशयित यंत्र वाटेतून काढून संगणक थेट टीव्हीला जोडून पाहावा.

कापलेल्या कडा, फिके रंग

विंडोजची खालची पट्टी अर्धी कापलेली दिसते, कारण टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा पडद्याबाहेर ढकलतो. काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या कडा नीट दिसत नसत, तेव्हाची ही सवय आहे. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ निवडले की ती जाते. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा काळोख्या दृश्यांतले तपशील बुडत असतील, तर संगणक आणि टीव्ही यांची रंगांची मोजपट्टी वेगळी आहे : संगणक ० ते २५५ मोजतो, तर टीव्हीची परंपरा १६ ते २३५ अशी आहे. दोन्हीकडे एकच पट्टी निवडावी.

अर्थिंग : जे शेवटी पाहिले जाते, पण आधी पाहायला हवे

वरचे सगळे दोष सुधारण्यासारखे आहेत. जळालेले पोर्ट मात्र घरी सुधारता येत नाही. पुष्कळ घरांत तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकलेली असते, किंवा एक्स्टेन्शन बोर्डात तिसरी तार जोडलेलीच नसते. संगणकाच्या वीजपुरवठ्यात विजेतला गोंगाट गाळण्यासाठी बसवलेल्या छोट्या कपॅसिटरमधून थोडा प्रवाह डब्याकडे गळतो, आणि ही गळती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जाते. ती तार नसली की संगणकाच्या धातूच्या डब्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब राहतो. त्यामागचा प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून हाताला फक्त झिणझिण्या येतात आणि माणूस दुर्लक्ष करतो. दुसरीकडे टीव्हीला सेट टॉप बॉक्समार्फत बाहेरून आलेली केबलवाल्याची तार जोडलेली असते, आणि ती इमारतीत कुठेतरी जमिनीला टेकलेली असू शकते. अशा वेळी एचडीएमआयची केबल या दोन वेगळ्या दाबांच्या यंत्रांमधला पूल बनते, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या नाजूक पिनांना तो धक्का सोसावा लागू शकतो.

‘एचडीएमआय तर चालू असतानाही लावता येते,’ असे यावर म्हटले जाते. मानक तशी मुभा देते हे खरे, पण ती मुभा अर्थिंग ठीक असल्याचे गृहीत धरून आहे. म्हणून सॉकेटची बटणे बंद करून, प्लग काढून आणि केबलवाल्याची तार सोडवून मगच एचडीएमआय जोडावी. वळवाच्या गडगडाटात नुसते बटण बंद करणे पुरत नाही. बाहेरून येणारी केबलची आणि इंटरनेटची तारही काढून ठेवावी. समुद्रकाठच्या घरांत पोर्टमधल्या पिनांवर खारा दमटपणा साचतो, तेव्हा पावसाळ्यानंतर सगळे बंद असताना केबलची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यावीत.

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर केबल, रिसीव्हर, सेटिंग यांतले काहीही तपासण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि मीटरने सॉकेट मोजून घ्यावा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये फेज आणि न्यूट्रलइतकाच दाब, म्हणजे २३० व्होल्टच्या आसपास, दिसायला हवा, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्टच. हे आकडे जुळेपर्यंत त्या सॉकेटवर संगणक आणि टीव्ही एकमेकांना जोडू नयेत.